दत्तक मूल, नवे घर आणि गावची शाळा

मूल दत्तक घेतले की गावाच्या दृष्टीने ती गोष्ट त्याच दिवशी पूर्ण होते. पेढे वाटले जातात, देवदर्शन होते, आप्तेष्ट येऊन जातात आणि ‘घर भरले’ असे म्हणून प्रत्येक जण आपापल्या कामास लागतो. मुलाच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी काहीच पूर्ण झालेले नसते. ज्या माणसांस ते ओळखत होते ती सर्व एका दिवसात दिसेनाशी झालेली असतात. अंथरूण, ताट, बोली, वास, आवाज, सारेच बदललेले असते. या नव्या घरात आपण राहणार आहोत की येथूनही आपल्यास कोणी घेऊन जाणार आहे, हे त्यास ठाऊक नसते आणि ते विचारण्याइतके शब्दही त्याच्यापाशी नसतात. हा प्रश्न मनात घेऊनच असे मूल काही महिन्यांनी अंगणवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात येऊन बसते. म्हणून दत्तक मूल घरात कसे रुजते, याची माहिती प्राथमिक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

दत्तकाची कल्पना कशी पालटली

आपल्याकडे दत्तकाची प्रथा जुनी आहे. परंतु पूर्वी तिचा हेतू प्रामुख्याने वंश, पिंडदान आणि मालमत्ता यांच्याशी निगडित होता. कवळाणे येथील गोपाळराव १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले व सयाजीराव झाले. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शाहू छत्रपती झाले. या दोन्ही प्रसंगी गादीस वारस हवा होता. सर्वसामान्य कुटुंबातही मुलगाच, तोही बहुधा भाऊबंदांतला, दत्तक घेतला जाई.

याच काळात पुण्यात एक निराळे दत्तक झाले. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. तेथे आश्रयास आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी १८७४ साली दत्तक घेतले. येथे कुळाचा किंवा गादीचा प्रश्न नव्हता. मुलास घर हवे होते. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाईंबरोबर रोग्यांच्या सेवेत राहिला. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. शिक्षकवर्गाने आवर्जून ध्यानात ठेवावे असे हे उदाहरण आहे.

कायदाही पुढे याच दिशेने गेला. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ अन्वये मुलाप्रमाणे मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. दत्तहोम आवश्यक राहिला नाही. आणि विधिवत झालेले दत्तक रद्द करता येत नाही, हेही स्पष्ट झाले. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा सर्व धर्मांच्या नागरिकांस लागू आहे. त्यात विचार केला आहे तो मुलाच्या हिताचा. अनाथ, सोडून दिलेल्या किंवा आईबापांनी विधिपूर्वक स्वाधीन केलेल्या मुलांचे दत्तक केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या व्यवस्थेतून होते. देशभरातील मान्यताप्राप्त संस्था या व्यवस्थेस जोडलेल्या असल्यामुळे सातारा किंवा जालना जिल्ह्यातील कुटुंबात ओडिशातील किंवा आंध्रातील मूल येणे शक्य असते. शिक्षकाच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. कारण अशा मुलाचे मौन हे मंदबुद्धीचे लक्षण नसून त्याची भाषाच निराळी असू शकते.

मूल काय घेऊन येते

‘लहान आहे, चार दिवसांत विसरेल’ हे वाक्य अशा वेळी सर्रास ऐकू येते. त्यात तथ्य कमी आहे. इंग्रज मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली एक अहवाल लिहिला. बालकास अन्नवस्त्राइतकीच एका स्थिर, प्रेमळ व्यक्तीच्या अखंड सहवासाची गरज असते, हे त्यांनी त्यात मांडले. पुढे रुमानियातील बुखारेस्ट शहरी इ. स. २००० च्या सुमारास संस्थांमध्ये वाढणाऱ्या १३६ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी निम्मी बालके कुटुंबांत ठेवण्यात आली. कुटुंबात गेलेल्या बालकांची बुद्धी, भाषा आणि माणसांविषयीची ओढ ही संस्थेत राहिलेल्या बालकांपेक्षा चांगली वाढली. आणि जी बालके सुमारे दोन वर्षांची होण्यापूर्वीच घरात गेली त्यांस अधिक लाभ झाला.

यावरून दोन गोष्टी निघतात. घर मिळाल्याने झालेली हानी पुष्कळ अंशी भरून येते, ही पहिली. परंतु ती भरून येण्यास वेळ लागतो व मूल जितके मोठे तितका तो अधिक लागतो, ही दुसरी. संस्थेत सेविका पाळीपाळीने बदलतात. रडले तरी प्रत्येक वेळी कोणी धावून येईलच असे नसते. अशा मुलाने मोठ्या माणसांवर विसंबणे कमी केलेले असते. नव्या घरात त्यास सर्वप्रथम शिकावयाचे असते ते हेच की, हाक मारली असता ठरावीक माणूस येते, आणि उद्याही येते.

घरातील पहिले महिने

खेड्यात नवे मूल आले की सारी आळी पाहावयास लोटते. ज्याला त्याला मूल कडेवर घ्यावयाचे असते, हातावर खाऊ ठेवावयाचा असतो. हेतू चांगला असला तरी मुलाच्या दृष्टीने हा गोंधळ घातक ठरतो. संस्थेत वाढलेले मूल पुष्कळदा कोणाकडेही जाते, कोणाच्याही मांडीवर बसते. लोक ‘किती माणसाळू आहे!’ म्हणून कौतुक करतात. वस्तुतः आपले माणूस कोणते व परके कोणते, हे त्यास अद्याप उमगलेले नसते. म्हणून पहिले काही आठवडे मुलास भरविणे, न्हाऊ घालणे, निजविणे आणि रडल्यास उगी करणे ही कामे शक्यतो आईबापांनीच करावीत. आजी, आत्या, शेजारीण यांनी मुलाऐवजी घरकामाचा भार उचलावा. मुलाने खाऊ मागितला तर ‘आईकडे जा, ती देईल’ असे सांगून त्यास आईकडे वळवावे. बाहेरगावची जत्रा, लग्नकार्ये व मोठा समारंभ काही काळ पुढे ढकलावा.

घरातील इतर गोष्टीही अशाच साध्या आहेत. जेवणाची, स्नानाची व झोपेची वेळ रोज एकच असावी. संस्थेतून आलेली चादर किंवा सदरा लगेच धुऊन टाकू नये. त्याचा ओळखीचा वास मुलास धीर देतो. संस्थेच्या मोठ्या खोलीत दिवा जळत असे व पुष्कळ मुले शेजारी असत. त्यामुळे अंधाऱ्या, शांत खोलीत एकटे निजणे त्यास भयाचे वाटते. आपल्याकडे मूल आईच्या कुशीत निजते ही चाल येथे फार उपयोगी पडते. नाव बदलावयाचे असल्यास जुने नावही घरगुती हाक म्हणून काही काळ ठेवावे, कारण स्वतःचे म्हणून त्याने आणलेले बहुधा तेवढेच असते.

पुष्कळ घरी पहिले काही दिवस मूल फार शहाण्यासारखे वागते. सांगितलेले ऐकते, रडत नाही, हट्ट करीत नाही. नंतर एकाएकी ते चिडू लागते, वस्तू फेकते, आईस मारते, अंथरूण ओले करते. घरच्यांस वाटते की मूल बिघडले. वास्तविक पाहता, मूल आता राग दाखविण्याइतके निर्धास्त झालेले असते. आणि ‘मी वाईट वागलो तरीही हे मला ठेवतील काय?’ याची ते परीक्षाही घेत असते. या परीक्षेच्या वेळी घरातून अथवा शाळेतून ‘असाच वागलास तर परत पाठवून देऊ’ हे शब्द गेले, तर महिनोन्महिने केलेले सर्व श्रम वाया जातात. मुलाच्या मनातील सर्वांत मोठ्या भीतीस ते मोठ्यांनी दिलेले उत्तर असते.

याच वेळी आईही थकलेली असते. कैक वर्षांची इच्छा पूर्ण झाली असूनही आपल्यास आनंद का होत नाही, मूल आपल्याकडे का येत नाही, या विचाराने तिचे मन खचते. ही अवस्था अनेक दत्तक मातांस येते आणि बहुधा सरतेही. शिक्षकाने किंवा शिक्षिकेने घरभेटीत मुलाची चौकशी करताना आईचीही चौकशी केली, तर तिला मोठा आधार वाटतो.

वर्गात दिसणारी चिन्हे व त्यांचा अर्थ

शाळेत अशा मुलाचे वर्तन कधीकधी बुचकळ्यात टाकते. शालेय पोषण आहाराच्या वेळी एखादे मूल पोट भरल्यावरही खात राहते, किंवा भात मुठीत, बिस्कीट खिशात लपविते. ही चोरी नव्हे. पुढचे जेवण मिळेल याची त्यास खात्री नसते. रागे न भरता ‘हे तुझे आहे, उद्याही मिळेल’ असे सांगावे व एखादे केळे अथवा चिक्की दप्तरात ठेवू द्यावी. खात्री पटली की साठवण हळूहळू आपोआप थांबते.

एखादे मूल आई दाराबाहेर जाताच आकांत करते. दुसरे मूल आईकडे वळूनही पाहत नाही व दिवसभर चुपचाप बसते. पहिल्याकडे सर्वांचे लक्ष जाते, परंतु दुसऱ्याकडेही तितकेच लक्ष दिले पाहिजे. पडून गुडघा फुटला तरी न रडणारे मूल धीट असतेच असे नाही. रडून उपयोग होत नाही असा अनुभव त्याने घेतलेला असू शकतो. अशा मुलास जवळ बोलावून जखम धुवावी, ‘लागले ना? दुखत असेल’ असे म्हणावे, आणि सायंकाळी आईसही कळवावे, म्हणजे घरीही त्याची विचारपूस होईल.

वयाच्या मानाने बोलणे, हाताचे वळण, नैसर्गिक विधीवरील ताबा यांत मूल मागे असते. घरात आल्यानंतर त्याची उंची व वजन पुष्कळदा झपाट्याने वाढते, तशीच भाषाही वाढते. परंतु तोवर इतर मुलांशी तुलना करून त्यास लाजवू नये.

शिक्षकाने करावयाच्या गोष्टी

१. प्रवेशापूर्वी आईबापांशी निवांत बोलावे. मुलास काय आवडते, कशाची भीती वाटते, घरी कोणत्या नावाने हाक मारतात, त्याची पूर्वीची भाषा कोणती, एवढे विचारणे पुरे आहे. जन्मदात्री कोण, मूल कोणत्या जातीचे, का सोडले, हे प्रश्न शिक्षकाच्या कामाचे नाहीत.

२. आरंभी वेळ थोडा ठेवावा. मूल अंगणवाडीच्या वयाचे असेल तर पहिले काही दिवस आईसह तासभर, पुढे आईविना तासभर, अशी वाढ करावी. आईने नजर चुकवून निघून जाऊ नये, सांगून जावे. लहान मुलास घड्याळ कळत नाही. म्हणून ‘जेवणाची घंटा झाली की मी दारात असेन’ असे सांगावे व घंटेच्या आधीच दारात असावे. पहिल्या महिन्यात एक दिवस झालेला उशीर मुलाच्या मनात फार काळ राहतो.

३. बसण्याची जागा, शेजारचा सोबती आणि हजेरीची वेळ ठरलेली ठेवावी. शिक्षक रजेवर जाणार असल्यास मुलास आदल्या दिवशी सांगावे.

४. मूल आपल्यासच बिलगते याचे शिक्षकास सुख वाटणे स्वाभाविक आहे. तरीही ‘बाई’ किंवा ‘गुरुजी’ यांनी आईची जागा घेऊ नये. मुलाने काढलेले चित्र ‘हे आईला दाखव’ म्हणून घरी पाठवावे. शाळेतील प्रत्येक लहानसा आनंद घराकडे वळवावा.

५. शिक्षा करू नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस सर्वच मुलांच्या बाबतीत बंदी केलेली आहे. या मुलास वर्गाबाहेर उभे करणे ही तर त्याला पुन्हा एकदा टाकून दिल्यासारखी शिक्षा आहे. जवळ बसवून शांत होऊ द्यावे.

६. ‘माझे कुटुंब’ या पाठाच्या वेळी सावध असावे. ‘तुम्ही कोणासारखे दिसता?’, ‘तान्हेपणीचा फोटो आणा’, ‘तुमच्या जन्माची गोष्ट आईला विचारून या’ असे स्वाध्याय दत्तक मुलास, तसेच आई किंवा बाप नसलेल्या मुलासही अडचणीत टाकतात. त्याऐवजी ‘घरी तुमच्यासाठी कोण काय करते?’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर प्रत्येक मुलापाशी असते.

७. शब्द जपून वापरावेत. ‘खरी आई’, ‘सख्खा मुलगा’, ‘आश्रमातला’, ‘आणलेला’ हे शब्द शाळेच्या आवारात ऐकू येऊ नयेत. वर्गातील एखाद्या मुलाने ‘ही त्याची खरी आई नाही ना?’ असे विचारल्यास दटावू नये, कारण दटावल्याने यात काही लाजिरवाणे आहे असा समज होतो. सहजपणे सांगावे, ‘जी वाढविते, रात्री उशाशी बसते, ती आई. काही मुले आईच्या पोटातून घरी येतात, काही दत्तक होऊन येतात. दोघेही घरचीच.’ आणि विषय पुढे न्यावा.

सांगावे की लपवावे

दत्तकाची गोष्ट मुलापासून लपविण्याकडे पुष्कळ आईबापांचा कल असतो. खेड्यात हे गुपित टिकत नाही. पारावर, पाणवठ्यावर किंवा खेळताना झालेल्या भांडणात कोणीतरी ते बोलून जाते, आणि आईबापांनी आपल्यास फसविले असे मुलास वाटते. म्हणून मूल लहान असल्यापासूनच त्याच्या समजुतीप्रमाणे, गोष्टीच्या रूपाने, ‘आम्हाला बाळ हवे होते, तुला घर हवे होते, म्हणून आम्ही तुला घ्यायला आलो’ असे सांगत जावे, असाच आज जाणत्यांचा सल्ला आहे. मात्र ते केव्हा व किती सांगावे, हा अधिकार आईबापांचा. शिक्षकाने त्यांस सल्ला द्यावा. मुलास स्वतः होऊन सांगू नये.

नोंदी व कायदा

दत्तकाचा आदेश झाल्यावर मुलाच्या जन्माच्या दाखल्यावर दत्तक आईबापांचीच नावे येतात. दाखल-खारीज नोंदवहीत तीच नावे लिहावीत. पुढे कंसात ‘दत्तक’ असा शेरा लिहिण्याचे काही कारण नाही. मूल घरी आले आहे परंतु अंतिम आदेश व्हावयाचा आहे, असाही काळ असतो. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या अधिनियमाच्या कलम १४ मध्ये सांगितले आहे. मुलाचे कागद कपाटात कुलपात ठेवावेत व त्यांतील मजकूर कर्मचाऱ्यांच्या गप्पांचा विषय होऊ देऊ नये. दत्तकाच्या अभिलेखांची गुप्तता कायद्याने राखावयाची आहे. मूल घरी आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, मुलाची प्रगती पाहून अहवाल करण्याची व्यवस्था दत्तक विनियमांत आहे. त्या कामी येणाऱ्या कार्यकर्त्यास मुलाच्या शालेय प्रगतीबद्दल सहकार्य करावे.

काही वेळा निराळाच प्रसंग समोर येतो. एखाद्या घरी मूल आले आहे, परंतु कोठून आले ते कोणी सांगत नाही, कागदही नाहीत. नातेवाइकाचे मूल हिंदू दत्तक अधिनियमाप्रमाणे घेतले असल्यास रीतसर दत्तकपत्र करून नोंदवावे, म्हणजे पुढे अडचण पडत नाही. परंतु सापडलेले किंवा सोडून दिलेले मूल परस्पर ठेवून घेता येत नाही. ते चोवीस तासांच्या आत बालकल्याण समिती, पोलीस किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकास कळविणे बंधनकारक आहे. मुलाची खरेदी-विक्री हा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीस पात्र असा गुन्हा आहे. अशा वेळी शिक्षकाने मुलास वर्गात सुखाने बसू द्यावे व मुख्याध्यापकांमार्फत जिल्हा बाल संरक्षण कक्षास कळवावे. गावात बोभाटा करू नये. मुलाचा यात काहीच दोष नसतो.

किती काळ लागेल

या प्रश्नास ठरीव उत्तर नाही. तान्हे मूल लवकर रुळते; चार-पाच वर्षांच्या मुलास वर्ष-दोन वर्षे लागली तरी नवल मानू नये. प्रगती सरळ रेषेत होत नाही; आजारपण, घरात दुसरे बाळ येणे, वर्ग किंवा शिक्षक बदलणे अशा प्रसंगी जुनी भीती पुन्हा डोके वर काढते. मात्र बराच काळ लोटूनही मूल कोणाशीच जवळीक करीत नसेल, स्वतःस इजा करून घेत असेल, किंवा बोलणे मुळीच वाढत नसेल, तर आईबापांस धीर देऊन जिल्हा रुग्णालयात किंवा बालरोगतज्ज्ञाकडे नेण्यास सांगावे. दत्तक देणाऱ्या संस्थेचाही सल्ला घ्यावा. लवकर मदत मागणे हे आईबापांचे अपयश नव्हे.

मोठ्या वयात घरी आलेली काही मुले दुर्दैवाने पुन्हा संस्थेकडे परत जातात. अशा मुलाच्या मनावर झालेला दुसरा आघात पहिल्याहून कठीण असतो. पुष्कळदा अशा घरांस मूल वाईट मिळालेले नसते. पहिल्या कठीण वर्षात त्यांस समजावून सांगणारे कोणी भेटलेले नसते. खेड्यात असा समजूतदार माणूस बहुधा शिक्षकच असतो. मुलाच्या रागाचा अर्थ घरच्यांस सांगणे, गावच्या जिभेस आवर घालणे, आणि रोज सकाळी त्याच जागी, त्याच नावाने, त्याच आवाजात त्या मुलास हाक मारणे एवढे त्याने केले, तर घरास त्या वर्षात मोठा आधार मिळेल. मुलासही हळूहळू खात्री पटेल की, आता आपल्यास येथून कोठेही जावयाचे नाही.